भाचीचा प्रश्न, फास्टर फेणे आणि माझं कच्चं मत

दिवाळीत तुमसरला घरी गेले होते. भाची आठवीत आहे, तिच्यासाठी भा. रा. भागवतांच्या ‘फास्टर फेणे’ची दोन पुस्तकं नेली होती. तिसऱ्या दिवशी तिने ती परत आणून दिली आणि म्हणाली, “मावशी, मस्त आहे. पण यातले पोट्टे आपल्यावानी काऊन नाही बोलत?”

मी काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं. पण प्रश्न डोक्यातून जाईना, कारण तिच्या वयात मलाही तो पडला होता. तेव्हा विचारायला कुणी नव्हतं म्हणून उत्तर मीच काढलं: पुस्तकातली मुलं शुद्ध बोलतात, आपण अशुद्ध. आमच्या झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ळ’चा ‘र’ होतो. अकरावीला नागपूरला गेले तेव्हा ‘पानी’ तोंडातून निघेल या भीतीने पहिले काही महिने मी वर्गात एकही शंका विचारली नाही. संशोधनात येऊन सहा वर्षं झाली, तरी सेमिनारमध्ये हात वर करताना अजून एक क्षण थांबते.

त्यामुळे माझं एक ठाम मत आहे, मैत्रिणींना पाठ झालंय ते: “मराठी किशोर साहित्य पुण्या-मुंबईचं आहे. आमच्याकडचं पोर त्यात नाहीच.” पण या वेळी मनात आलं, हेच वाक्य कुणी सिनॉप्सिसमध्ये लिहून आणलं असतं तर? पेट पास होऊन विषय शोधणाऱ्या तुमच्यातल्या बऱ्याच जणांकडे असंच एखादं ठाम वाक्य असेल. ते टाकून देऊ नका. संशोधन बहुतेक वेळा अशाच रागातून सुरू होतं. फक्त त्याला तीन प्रश्न विचारा: किती वाचलंस, ते तुझ्यापर्यंत कसं पोचलं, आणि ‘किशोर साहित्य’ म्हणतेस ते कशाला?

दुसरा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचला. माझा विषय भूविज्ञान. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग, चिखला इथे मँगनीजच्या खाणी आहेत, त्या भागातल्या जुन्या रूपांतरित खडकांवर माझं काम चालतं. आता हे खडक सगळीकडे दिसत नाहीत. बहुतेक जागी वर माती आणि धानाच्या बांध्या. नाला, रस्त्यासाठी कापलेली टेकडी, खाणीची भिंत, अशा जिथे खडक उघडा पडलाय तिथेच हातोडी चालते. त्याला आम्ही आउटक्रॉप म्हणतो. गोम अशी की टणक खडक उघडे राहतात आणि मऊ खडक झिजून मातीखाली जातात. नुसते आउटक्रॉप मोजून “या भागात टणक खडकच जास्त” असं लिहिलं, तर परीक्षक पहिल्याच पानावर अडवतील. मातीखाली काय आहे ते बघायला बोअर घ्यावं लागतं.

माझं वाचन म्हणजे असाच एक आउटक्रॉप. आमच्या शाळेत एक लोखंडी कपाट होतं, किल्ली एका सरांकडे. ज्या पुस्तकांच्या आवृत्त्या पुन्हा पुन्हा निघतात, ज्यांचे प्रकाशक मोठ्या शहरांत आहेत, तीच त्या कपाटापर्यंत पोचत होती. साकोली-लाखनीकडच्या कुणी स्वखर्चाने छापलेली कथा तिथे येणार कुठून? म्हणजे “नाहीच” असं मी म्हणते, तेव्हा खरं तर “माझ्या कपाटात नव्हतं” एवढंच म्हणू शकते. याला नमुना निवडीतला कल म्हणतात. व्याख्या सगळ्यांची पाठ असते, स्वतःच्या आवडत्या मताला ती लावायची वेळ आली की मात्र आपण विसरतो.

तिसरा प्रश्न व्याख्येचा, आणि इथे मला वाचक म्हणून भांडायचंच आहे. तेरा ते सोळा वयासाठी मराठीतली माझ्या मते दोन सगळ्यात चांगली पुस्तकं लायब्ररीत ‘किशोर’ विभागात मला कधी सापडलीच नाहीत. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) आणि प्रकाश नारायण संत यांचं ‘वनवास’ (१९९४). दोन्ही मोठ्यांच्या फळीवर. ‘किशोर’च्या फळीवर जे असतं, त्यातलं बरंचसं खरं म्हणजे दहा वर्षांच्या मुलांसाठीचं असतं. शेवटच्या पानावर कुणीतरी मोठं माणूस येऊन चार शब्द सांगून जातं. चौदा वर्षांच्या पोराला ते लगेच कळतं आणि ते पुस्तक मिटतं. तेव्हा किशोर कादंबरी ठरवायची कशावरून? प्रकाशकाच्या शिक्क्यावरून, नायकाच्या वयावरून की वाचणाऱ्याच्या वयावरून? यातली कुठलीही व्याख्या घ्या, हरकत नाही. पण ती आधी लिहा आणि शेवटपर्यंत बदलू नका. शिक्क्यावर गेलात तर ‘शाळा’ सुटते. नायकाच्या वयावर गेलात तर ‘श्यामची आई’सुद्धा आत येते.

‘शाळा’ मी पंधराव्या वर्षी वाचली. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद, त्याची मित्रमंडळी आणि वर्गातली शिरोडकर. मुलांच्या डोक्यात काय चालतं ते इतकं खरं कुठे वाचलं नव्हतं. पण मुलगी म्हणून मला रागही आला होता. शिरोडकरला काय वाटतं ते आपल्याला मुकुंदच्या नजरेपलीकडे कळत नाही. तरी भाचीला हे पुस्तक मी पुढच्या वर्षी देणार, रागासकट.

फास्टर फेणेवर मात्र राग धरता येत नाही. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्यातल्या विद्याभवनचा विद्यार्थी, सायकल आणि तो ‘ट्टॉक’. माझी तक्रार वेगळीच आहे. फेणेला मिळालेला प्रत्येक धागा कुठेतरी पोचतो. पीएच.डी.ची पहिली दोन वर्षं मी त्याच भरवशावर काढली. नमुना गोळा केला, पातळ छेद कापला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला की गुन्हेगार सापडलाच पाहिजे! सापडला नाही. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी सगळं सोडून घरी परत यायचं जवळजवळ ठरवलं होतं.

त्या दिवसांत ‘वनवास’ पुन्हा वाचलं. आईवडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहणारा लंपन. त्याला सगळं दिसतं, ऐकू येतं, वास येतात, पण त्याचा अर्थ त्याला लागतोच असं नाही आणि लेखकही तो लावून देण्याची घाई करत नाही. संत स्वतः कऱ्हाडला भूविज्ञानाचे प्राध्यापक होते, हे मला नंतर कळलं. म्हणून तसं लिहिलं असं मी म्हणणार नाही, तेवढा पुरावा माझ्याकडे नाही. पण आमच्या फील्ड डायरीचा पहिला नियमच तो आहे: आधी जे दिसलं ते लिही, अर्थ नंतर. आणि लंपनची भाषा! बेळगावकडची, कानडीचा हेल असलेली मराठी. तिने कुणाची माफी मागितलेली नाही. सीमेवरच्या पोराची बोली पुस्तकात येऊ शकते हे तेराव्या वर्षी कळलं असतं, तर अकरावीत मी कदाचित तोंड उघडलं असतं.

जयंत नारळीकरांच्या कथांमधली माणसं मला थोडी एकसारखी वाटतात, सगळी हुशार आणि मोजकं बोलणारी. पण त्यांच्या पहिल्या विज्ञानकथेची गोष्ट प्रत्येक संशोधकाला माहीत हवी. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. स्वतःची आद्याक्षरं उलटी केली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव न कळता परीक्षण व्हावं म्हणून जर्नल्स आज जो खटाटोप करतात, तो त्यांनी एका टोपणनावात उरकला.

राहिलं माझं मूळ मत. आमचा मुलूख मराठी पुस्तकांत मुळीच नाही असं नाही. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला होते आणि तिथल्या जंगलावर त्यांनी भरपूर लिहिलं. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला, त्याआधी ते गाव भंडारा जिल्ह्यातच होतं. पण ते जंगलाचं लेखन झालं. मला हवं आहे कथेतलं पोर. म्हणून बोअर घ्यायचं ठरवलंय. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. अंक आवडीने निवडायचे नाहीत. दर वर्षाचा एक, महिना चिठ्ठी टाकून. प्रत्येक कथेसमोर तीन रकाने: गोष्ट कुठे घडते, मुलं कोणत्या बोलीत बोलतात, शेवटी कुणी उपदेश करतं का. हाही एक आउटक्रॉपच, पण निदान माझ्या शाळेच्या कपाटापेक्षा मोठा. माझं मत खोटं निघालं तर मला आनंदच होईल.

रकाने भरायचं काम भाचीने मागून घेतलंय. परवा तिचा फोन आला. “मावशी, यात एक पोरगा नाल्यावर मासोऱ्या पकडते, पन गावाचं नावच नाही देल्लं. याले कोन्त्या रकान्यात टाकू?”

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. तिला म्हटलं, चौथा रकाना आख.