सिंहनाद आणि संसद भवनावरील कांस्यसिंह

दि. ११ जुलै २०२२ रोजी नवी दिल्लीतील नव्या संसद भवनाच्या माथ्यावर राष्ट्रचिन्हाच्या कांस्यशिल्पाचे अनावरण झाले. उंची ६.५ मीटर, वजन ९५०० किलो. सुनील देवरे व रोमिएल मोझेस हे त्याचे शिल्पकार. सारनाथचे सिंह शांत व धीरगंभीर आहेत, हे मात्र क्रुद्ध दिसतात, असा आक्षेप तत्काळ घेतला गेला. दि. ३० सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यासंबंधीची याचिका फेटाळली. भाव कोणता दिसतो हे पाहणाऱ्याच्या मनावर अवलंबून असते, असे मत त्या वेळी व्यक्त झाले. कायद्याचा प्रश्न तेथे संपला. परंतु सिंहाचा अर्थ काय, हा प्रश्न पालि वाङ्मयाच्या अभ्यासकांपुढे उरतोच.

शिल्प उंचावर असल्याने व खालून पाहिल्याने ते उग्र भासते, असा एक खुलासा तेव्हा करण्यात आला. येथे हे ध्यानात घेतले पाहिजे की, सम्राट अशोकांचे स्तंभशीर्षही जमिनीवर ठेवण्यासाठी घडविलेले नव्हते. चुनारच्या वालुकाश्मातील हे सुमारे ७ फूट उंचीचे शीर्ष सुमारे ५० फूट उंचीच्या स्तंभाचा माथा होते. १९०४-०५ च्या उत्खननात ते एफ. ओ. ओर्टेल यांना मिळाले, आणि आज आपण ते संग्रहालयात समोरून पाहतो.

धातूलाही दोष देता येत नाही. कांस्यमूर्ती प्रथम मातीत घडते. तिचा साचा घेऊन मेणाची प्रतिकृती तयार करतात आणि मेण वितळवून त्या पोकळीत धातुरस ओततात. आपल्याकडे या रीतीला मधूच्छिष्टविधान म्हणतात. मातीत उमटलेली प्रत्येक रेघ धातूत उतरते. म्हणून मूर्तीचा भाव ठरतो तो भट्टीपूर्वी, सिंहाविषयीच्या कल्पनेत.

ही कल्पना सुत्तांत स्पष्ट आहे. अंगुत्तरनिकायाच्या चतुक्कनिपातात सिंह सायंकाळी गुहेतून बाहेर पडतो, अंग ताणतो, चारही दिशांकडे पाहतो आणि तीन वेळा गर्जना करतो. ती ऐकून इतर प्राणी भयभीत होतात. त्याचप्रमाणे तथागतांचा उपदेश ऐकून स्वतःला शाश्वत समजणारे दीर्घायुषी देवही हादरतात. दसकनिपातात तर गर्जनेचे कारणच दिले आहे. विषम वाटांवर हिंडणाऱ्या क्षुद्र प्राण्यांचा आपल्याकडून घात होऊ नये, म्हणून सिंह गर्जतो! त्याच सुत्तात तथागतांना सिंह म्हटले असून परिषदेत धम्म सांगणे हाच त्यांचा सिंहनाद होय. सिंहनाद करणे आणि ब्रह्मचक्र, म्हणजे श्रेष्ठ चक्र, प्रवर्तित करणे या दोन गोष्टी तेथे एकत्र येतात.

सारनाथच्या शिल्पाचा उलगडा येथे होतो. त्या चार सिंहांच्या वर एक मोठे धम्मचक्र होते. त्याचे तुकडे उत्खननात सापडले. दि. २६ जानेवारी १९५० रोजी स्वीकारलेल्या राष्ट्रचिन्हात हे वरचे चक्र नाही. फलकावरील लहान चक्रे तेवढी आहेत. सिंह चक्राचे वाहक होते, ही गोष्ट त्यामुळे सहज विसरली जाते. मुख उघडे असणे हा क्रोध नव्हे. सारनाथच्या सिंहांचीही मुखे उघडी आहेत. ते बोलत आहेत.

दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनादसुत्तात राजा निर्धनांना धन देत नाही, म्हणून दारिद्र्य वाढते. त्यातून चोरी, शस्त्र, हत्या व असत्य एकामागून एक जन्मतात. राज्यकर्त्यासाठी सिंहनादाचा हा आशय आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत दि. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी सामाजिक व आर्थिक विषमतेबद्दल दिलेला इशारा याच जातीचा होता, असे आम्हांस वाटते.

म्हणून कांस्यसिंहाच्या दातांवर वाद घालून आम्ही थांबू नये. त्या छताखाली दुर्बलांचा घात टाळणारा शब्द उच्चारला जातो की नाही, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक उपासक-उपासिकेस आहे. सिंहाची कसोटी त्याच्या नादावर होते.