घरचा कॉम्प्युटर बाहेरून उघडायचाय? चावी कोणाकडे, ते आधी पाहा

अकोल्यात बँकेच्या कामाला गेल्यावर लक्षात येते, की लागणारा कागद बार्शीटाकळीला घरच्या कॉम्प्युटरमध्येच राहिला. परत न जाता तो मोबाइलवर उघडता येतो. ही सोय नवी नाही; मॉडेमच्या काळातही ती होती.

तेव्हा कसे चालायचे?
घरच्या कॉम्प्युटरचा मॉडेम लँडलाइनला जोडायचा. ‘एटीएस०=१’ ही आज्ञा दिली, की पहिल्याच रिंगला मॉडेम स्वतः फोन उचलायचा. विंडोज ९८ मध्ये त्यासाठी ‘डायल-अप सर्व्हर’ होता. बाहेरून घरचा नंबर लावून पासवर्ड दिला, की जोडणी व्हायची. मॉडेमवर ५६ केबीपीएस लिहिलेले असले, तरी दोन साध्या लँडलाइनमध्ये वेग जास्तीत जास्त ३३.६ मिळे. ५ एमबीचा फोटो यायला सुमारे २० मिनिटे, तोवर घरचा फोन एंगेज!

आता काय बदलले?
मोबाइल इंटरनेटवर बहुधा अनेक ग्राहकांत मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता असतो. त्यामुळे घरच्या कॉम्प्युटरला थेट ‘नंबर’ लावता येत नाही. म्हणून अ‍ॅपचा सर्व्हर मध्यस्थाचे काम करतो.

सेटिंग कसे कराल?
• घरच्या कॉम्प्युटरवर ‘क्रोम रिमोट डेस्कटॉप’ सुरू करा. ते मोफत आहे.
• किमान ६ अंकी पिन ठेवा, जन्मतारीख नको.
• मोबाइलवर त्याच गुगल खात्याने लॉगिन करा. खात्याला ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ लावा.
• कॉम्प्युटरचा ‘स्लीप’ बंद ठेवा. वीज जात असेल, तर वीज येताच कॉम्प्युटर आपोआप सुरू होण्याचे सेटिंग बायोसमध्ये आहे का, ते पाहा.

धोका कुठे?
मॉडेमच्या काळात काही यंत्रणांत ‘कॉल-बॅक’ असे. कॉम्प्युटर आलेला फोन ठेवून, आधी ठरलेल्या नंबरवरच उलट फोन करायचा. पासवर्ड चोरीला गेला, तरी चोर बाहेरच राहायचा. आज अ‍ॅपचा कोड सांगितला आणि परवानगीचे बटण दाबले, की अनोळखी माणूसही आत येतो. ‘एनीडेस्क’ उतरवायला लावून होणाऱ्या फसवणुकीबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केले होते. अ‍ॅप वाईट नाही. कोड परक्याला देणे घातक.

बँक किंवा वीज कंपनीच्या नावाने कोणी असा कोड मागितला, तर फोन ठेवा. पैसे गेलेच, तर इंटरनेट बंद करून लगेच १९३० वर कळवा. जितका उशीर, तितके पैसे मिळणे अवघड.