उत्तर आले नाही म्हणजे काम झाले नाही का?

पत्रिकेवर 'रिमोट प्रोसीजर कॉल : सर्व्हरची बाजू' असा विषय वाचून काहींना वाटले असेल, आयोजकांनी चुकून भलत्याच माणसाला बोलावले. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवले. संगणकाशी आमची ओळख निवृत्तीनंतरची, तीही नातवाच्या पुस्तकांतून. पण त्या पुस्तकांत एक प्रश्न असा भेटला, की तो आम्ही वर्गात वर्षानुवर्षे दुसऱ्याच नावाने शिकवत आलो होतो. म्हणून हे धाडस.

सुरुवात मनिऑर्डरीपासून करू. आपल्या पारनेर, संगमनेर, अकोले भागांतल्या कितीतरी घरांची चूल एके काळी मुंबईच्या मनिऑर्डरीवर पेटायची. टपाल खात्याने ही सोय १८८० साली सुरू केली. गिरणीतला माणूस स्वतः पैसे घेऊन गावी येत नसे. तो परळच्या पोस्टात फॉर्म भरायचा, आणि पैसे हातावर ठेवण्याचे काम गावाकडचा पोस्टमन करायचा. मग आईच्या सहीची किंवा अंगठ्याची पावती उलट मुंबईला जायची. सांगणारा इथे, करणारा तिथे, आणि केल्याचा पुरावा परत इथे. रिमोट प्रोसीजर कॉल, म्हणजे आरपीसी, तो हाच.

प्रोग्राममध्ये छोटी छोटी कामे नाव देऊन बाजूला ठेवतात, त्यांना प्रोसीजर म्हणतात. गरज पडली की नावाने हाक मारायची. ती प्रोसीजर दुसऱ्याच यंत्रावर असेल, तर हाक नेटवर्कवरून जाते. ब्रूस नेल्सन यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८१ साली यावर प्रबंध लिहिला, आणि १९८४ साली अँड्र्यू बिरेल यांच्यासह झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात हे प्रत्यक्ष कसे केले, ते प्रसिद्ध केले. हाक मारणाऱ्या प्रोग्रामला वाटावे की काम शेजारच्याच खोलीत होते आहे, अशी त्यांची इच्छा. पुढे सन कंपनीची आरपीसी आली, २०१५ मध्ये गूगलची जीआरपीसी आली. गाभा तोच राहिला.

आता गावाकडच्या पोस्टात जाऊ. सर्व्हरच्या बाजूला कामे कोणती?

पहिले काम, पत्ता नोंदवणे. सनच्या पद्धतीत प्रत्येक सेवेला एक क्रमांक असतो. सर्व्हर सुरू होताच 'ही सेवा मी अमुक दारावर देतो' असे पोर्टमॅपर नावाच्या नोंदणीदाराकडे लिहून ठेवतो. नोंदणीदार स्वतः कायम १११ क्रमांकाच्या दारावर बसलेला. बाहेरून येणारा आधी त्याला विचारतो.

दुसरे काम, निरोप उलगडणे. निरोपात चार गोष्टी महत्त्वाच्या : हाकेचा क्रमांक, कोणती सेवा, तिची कितवी आवृत्ती, आणि तीतली कोणती प्रोसीजर. त्यानंतर खरी माहिती. इथे एक गंमत आहे. आपण बोलताना 'पंचवीस' म्हणतो, म्हणजे पाच आधी आणि वीस नंतर. इंग्रज ट्वेंटी-फाइव्ह म्हणतो, वीस आधी. संख्या एकच. यंत्रांचेही असेच. काही यंत्रे संख्येचा मोठा भाग आधी ठेवतात, काही धाकटा. म्हणून सनने नियम केला की तारेवर जाताना मोठा भाग आधी, आणि सगळी माहिती चार-चार बाइटांच्या ठोकळ्यांत. घडी घालणे आणि उलगडणे हे काम करणाऱ्या तुकड्याला स्टब म्हणतात. तो हाताने लिहावा लागत नाही. सेवेचा करार एका फाइलीत लिहिला, की आरपीसीजेन नावाचे साधन दोन्ही बाजूंचे स्टब तयार करून देते. सर्व्हरच्या प्रोग्रामरने लिहायची ती प्रत्यक्ष कामाची प्रोसीजर.

तिसरे काम, नीट नकार देणे. आपल्या पुणतांब्याला चांगदेवांची समाधी आहे. मायना काय लिहावा हे सुचेना, म्हणून चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरेच पत्र पाठवले आणि उत्तरादाखल पासष्ट ओव्या आल्या, ही आख्यायिका आपल्याला पाठ आहे. पण आपला सर्व्हर काही ज्ञानेश्वर नाही! कोऱ्या पत्राचा अर्थ लावायला त्याने जाऊ नये. सनच्या नियमांत नकाराचे प्रकार वेगवेगळे ठेवले आहेत : ही सेवा इथे नाही; सेवा आहे, पण ही आवृत्ती नाही; ही प्रोसीजर नाही; माहिती उलगडली नाही; तुमची ओळख पटली नाही. आवृत्ती जुळली नाही, तर आपण कोणत्यापासून कोणत्यापर्यंत चालवतो, हेही सर्व्हरने सांगायचे. नुसते 'काहीतरी चुकले' म्हणणारा सर्व्हर म्हणजे 'उद्या या' म्हणणारी खिडकी.

चौथे काम, सांगितलेले करणे आणि उत्तर पाठवणे. इथवर सोपे आहे हो. आता आमचा प्रश्न येतो.

समजा, उत्तर आलेच नाही. हाक मारणाऱ्याने काय समजायचे? हाक वाटेत हरवली असेल, म्हणजे काम झाले नाही. हाक पोचली, पण काम अर्धवट असताना सर्व्हर बंद पडला असेल. किंवा काम पूर्ण झाले आणि फक्त उत्तर हरवले असेल. इकडून पाहता तिन्ही सारखेच दिसतात : शांतता. शेजारच्या खोलीतल्या प्रोसीजरबाबत ही अडचण येत नाही, कारण तिथे जगलो तर दोघे, मेलो तर दोघे.

आपल्याकडे कुमारिल भट्टांच्या मीमांसेने 'अनुपलब्धी' हे वेगळे प्रमाण मानले. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही हे कळते. नैयायिकांना ते स्वतंत्र प्रमाण म्हणून मान्य नव्हते. पण एक अट मात्र काटेकोर होती : योग्य अनुपलब्धीच चालेल. घडा असता तर दिसलाच असता, इतका उजेड हवा. अंधारात घडा दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. नेटवर्क हा अंधार आहे. उत्तर आले नाही, एवढ्यावरून काम झाले नाही असे म्हणता येत नाही. हे विसरले, की घोटाळा होतो.

मग पुन्हा हाक मारायची का? ते कामावर अवलंबून. 'सातबारा दाखव' हे दहादा सांगितले तरी बिघडत नाही. 'खात्यातून पाचशे वजा कर' हे दोनदा झाले तर हजार गेले. आमचेच झाले. एका दुकानात पैसे पाठवले, पडद्यावर नुसते चक्र फिरत राहिले, आम्ही पुन्हा पाठवले, आणि दोन्ही पोचले. दुकानदार भला, त्याने परत दिले. पण व्यवस्था भलेपणावर सोडता येत नाही.

उपाय सर्व्हरच्या बाजूला आहे. प्रत्येक हाकेला तिचा क्रमांक द्यायचा, आणि पुन्हा मारताना तोच क्रमांक ठेवायचा. (आमची चूक हीच. आम्ही तीच हाक पुन्हा मारली नाही, नवी हाक मारली.) सर्व्हरने क्रमांक आणि दिलेले उत्तर जपून ठेवायचे. तोच क्रमांक आला, की काम पुन्हा न करता जुने उत्तर द्यायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचे : पैसे वजा केल्याची नोंद आणि क्रमांकाची नोंद एकाच वेळी, एकाच व्यवहारात वहीत गेली पाहिजे. दोन्ही झाल्या किंवा दोन्ही नाही. आधी पैसे आणि मग क्रमांक असे केले, आणि मध्येच वीज गेली, तर उठल्यावर सर्व्हर तेच काम पुन्हा करील.

यूपीआयमध्ये हे दिसते. २०१६ साली आलेल्या या व्यवस्थेत विनंती पोचल्याची पोच लगेच मिळते, आणि खरे उत्तर नंतर वेगळ्या निरोपाने येते. प्रत्येक व्यवहाराला क्रमांक असतो, आणि 'त्या क्रमांकाचे काय झाले?' असे विचारण्याची वेगळी हाक असते. रिझर्व्ह बँकेने तर २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात मुदत घातली : एका खात्यातून गेले आणि दुसऱ्यात जमा झाले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत; उशीर झाल्यास दिवसाला शंभर रुपये भरपाई. शांततेची किंमत कोणी मोजायची, हे तिथे ठरवले गेले.

आता अकोल्याच्या डोंगरातले रेशन दुकान डोळ्यांपुढे आणा. आजी वाडीवरून चालत आली. ई-पॉस मशीनवर अंगठा ठेवला. हाक गेली, दूरच्या सर्व्हरने नोंद केली, आणि तेवढ्यात रेंज गेली. मशीन म्हणते, पुन्हा प्रयत्न करा. संध्याकाळी रेंज येते, तेव्हा सर्व्हर म्हणतो, या महिन्याचे धान्य दिले आहे. आजीची पिशवी रिकामी. इथे वहीतली नोंद आणि तराजूतला तांदूळ एका व्यवहारात बांधता येत नाहीत, कारण तांदूळ संगणकात नाही. म्हणून असा सर्व्हर लिहिणाऱ्याने 'हक्क तपासला' आणि 'धान्य हातात पडले' या दोन वेगळ्या नोंदी ठेवाव्यात, आणि पहिली असून दुसरी नसेल तर वाद उघडा मानावा. संशयाचा फायदा कोणाला, हे प्रोग्राममधली एक ओळ ठरवते. ती ओळ लिहिणाऱ्याने आजीची वाट चाललेली नसते, पण तिची आठवण तरी ठेवावी.

शेवटी एका विद्यार्थ्याने विचारले, 'सर, काम नक्की एकदाच होईल अशी हमी देता येते का?' आम्ही म्हटले, निरोप नक्की एकदाच पोचेल अशी हमी कोणी देऊ शकत नाही. पण निरोप कितीदाही आला तरी परिणाम एकदाच होईल, अशी वही ठेवता येते. त्यासाठी क्रमांक हवा, टिकाऊ नोंद हवी आणि पुन्हा विचारण्याची सोय हवी. जुना पोस्टमास्तर हे तिन्ही पाळायचा. पावती आली नाही, तर मुंबईचा मुलगा घाबरून दुसरी मनिऑर्डर करत नसे. पहिलीचा नंबर घेऊन खिडकीशी चौकशीला जायचा. तुम्ही सर्व्हर लिहाल, तेव्हा ती चौकशीची खिडकी आधी बांधा.