धडधड थांबली, तरी गोळी का थांबवू नये?



ऊस नोंदीसाठी आम्ही शेतकी खात्याची मंडळी गावोगाव फिरतो. बांधावर बसले की उसाबरोबर प्रकृतीच्याही गोष्टी निघतात. अलीकडे एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "साहेब, छातीतली धडधड तर थांबली. मग रक्त पातळ करायची गोळी कशाला खायची?" हा प्रश्न अनेक घरांत असतो. आम्ही काही डॉक्टर नव्हे; परंतु समजून घेतलेली माहिती सर्वांच्या उपयोगी पडावी म्हणून येथे देत आहोत.

विकार कोणता?
स्वस्थ बसलेल्या निरोगी माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १०० ठोके आणि एका तालात चालते. काही जणांच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांतील विजेचे संदेश गोंधळतात. मग ते कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात आणि नाडी बेताल होते. यास 'एट्रियल फिब्रिलेशन' म्हणतात. धडधड, दम, थकवा, चक्कर ही लक्षणे. काहींना मात्र काहीच जाणवत नाही. ईसीजी काढल्याशिवाय निदान पक्के होत नाही.

खरा धोका कशाचा?
पाट वाहता असला म्हणजे गाळ बसत नाही. पाणी कोपऱ्यात तुंबले की गाळ धरतो. तसेच थरथरणाऱ्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्त रेंगाळते आणि गुठळी धरते. ती सुटून मेंदूत गेली की लकवा. या विकारात लकव्याचा धोका सुमारे पाचपट होतो. धडधड थांबली तरी ताल मधूनमधून, न कळता बिघडू शकतो. म्हणून हा धोका धडधडीवरून नव्हे, तर वय, रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा अशक्तपणा आणि पूर्वीचा लकवा यांवरून मोजतात. वयाच्या ६५ नंतर तो वाढतो, ७५ नंतर आणखी. ज्याला यांपैकी काहीच नाही, अशा तरुण माणसाला बहुधा ही गोळी लागत नाही.

गोळीची हकिगत
१९२० च्या दशकात अमेरिका-कॅनडात 'स्वीट क्लोव्हर' नावाचा बुरशी धरलेला चारा खाऊन जनावरे रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिनमधील कार्ल लिंक यांनी त्यातील द्रव्य शोधून काढले. त्यावरूनच तयार झालेले वॉरफेरिन १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि १९५४ पासून माणसांच्या उपचारात. ऐकून भिऊ नये. सारा खेळ मात्रेचा आहे. म्हणूनच वॉरफेरिन घेणाऱ्याने 'आय.एन.आर.' ही रक्ततपासणी नियमित करावी. ती बहुधा २ ते ३ च्या दरम्यान राखतात. पालेभाजी बंद करू नये. रोजचे प्रमाण सारखे ठेवावे.

एपिक्साबॅन, रिव्हारॉक्साबॅन, डॅबिगाट्रान या नव्या गोळ्यांना ही तपासणी लागत नाही, पण मूत्रपिंडाचे काम तपासावे लागते. मात्र सांधेज्वराने झडप अरुंद झालेल्यांना वॉरफेरिनच देतात. ॲस्पिरीन हा याला पर्याय नव्हे.

धडधडीचे काय?
येथे दोन वाटा आहेत. एक, गोळ्यांनी ठोक्यांची गती आवरणे. दुसरी, औषधे, विजेचा झटका किंवा ॲब्लेशन यांनी ताल पूर्ववत करणे. ॲब्लेशनमध्ये जांघेतील शिरेतून बारीक नळी नेऊन गोंधळ करणारी जागा बंद करतात. विकार नवा असेल तर दुसऱ्या वाटेबद्दल लवकर विचारावे. परंतु कोणतीही वाट धरली, तरी ज्याला लकव्याचा धोका आहे त्याची रक्त पातळ करणारी गोळी आपोआप सुटत नाही.

सभासदांनी एवढे ध्यानात ठेवावे:
१) गोळी मनाने बंद करू नये, चुकवूही नये.
२) अंगदुखीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, रक्तस्राव वाढतो.
३) कोयता लागून रक्त थांबेना, डोक्याला मार लागला किंवा शौच काळी झाली, तर तातडीने दवाखाना गाठावा.
४) तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे दिसताच १०८ ला फोन करावा. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात. चालू गोळीचे नाव तेथे अवश्य सांगावे.

पुढच्या तपासणीला जाताना घरच्या एकाला बरोबर न्या आणि सरळ विचारा, "माझा लकव्याचा धोका किती, आणि रक्तस्रावाचा किती?" दोन्ही बाजू कळल्या म्हणजे निर्णय सोपा होतो.

— ऊस विकास अधिकारी