‘काहीही चालेल’मागचं ओझं

रविवारची सकाळ. उडुपी हॉटेलात टेबलाभोवती आम्ही चौघं. वेटर पाण्याचे ग्लास ठेवतो आणि एका दमात म्हणून टाकतो : इडली, मेदूवडा, साधा डोसा, मसाला, म्हैसूर, रवा, कांदा उत्तप्पा, उपमा, शिरा... “ताई, तुम्हाला?” मला आतल्या मिक्सरची घरघर ऐकू येते, ताटल्यांची आदळआपट ऐकू येते, शेजारच्या टेबलावरचं जागेच्या भावाचं बोलणं शब्दन्‌शब्द ऐकू येतं. यादीतलं मात्र ‘शिरा’ एवढंच डोक्यात उरलेलं असतं आणि शिरा मला नको असतो. “काहीही चालेल,” मी म्हणते. वहिनीला वाटतं, हिला हे हॉटेलच आवडलेलं नाही. आईला वाटतं, रुसली.

मी ऑटिस्टिक आहे. निदान वयाच्या ३१व्या वर्षी झालं. मी मुद्रितशोधनाचं काम करते. ऱ्हस्व-दीर्घाची चूक सहसा माझ्या नजरेतून सुटत नाही. तरीही दुकानात साबणांच्या फळीपुढे मी वीस-वीस मिनिटं उभी राहिले आहे. एकाच माणसात या दोन गोष्टी कशा, हे भोवतालच्यांना उमगत नाही आणि तिथूनच गैरसमज सुरू होतात.

गैरसमज : ऑटिझम लहान मुलांना असतो, मोठेपणी जातो.

वस्तुस्थिती : ऑटिझम ही मेंदूची जन्मजात घडण आहे, ती आयुष्यभर राहते. १९४३ साली डॉ. लिओ कॅनर यांनी ज्या ११ मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं, त्यांतले पहिले डोनाल्ड ट्रिप्लेट. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या आपल्या गावी त्यांनी बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळले, देशोदेशी फिरले आणि २०२३मध्ये ८९व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

वयाबरोबर बदलतो तो आधार. शाळेत वेळापत्रक ठरलेलं, गणवेश ठरलेला, डब्यात काय ते आई ठरवणार. हे सगळं सुटलं की कपड्यांपासून विम्यापर्यंत शेकडो लहानमोठ्या निवडी एकदम अंगावर येतात. त्यामुळे कित्येकांची अडचण पहिल्यांदा दिसते तीच मोठेपणी.

गैरसमज : ‘स्वमग्न’ माणसाचं बाहेर लक्षच नसतं, म्हणून त्याला चटकन उत्तर देता येत नाही.

वस्तुस्थिती : हा घोळ निम्मा शब्दानेच केला आहे. स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रीक ‘ऑटोस’, म्हणजे ‘स्वतः’, यावरून ऑटिझम हा शब्द घडवला आणि तोही स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात. मराठीत त्याचं ‘स्वमग्नता’ झालं. प्रत्यक्षात हॉटेलात किंवा बाजारात माझी अडचण उलटी असते : बाहेरचं सगळं एकाच वेळी, एकाच जोराने आत येतं. काय महत्त्वाचं आणि काय सोडून द्यायचं, ही चाळणी आपोआप लागत नाही. आवाज, उजेड, वास यांची अतितीव्र किंवा फारच मंद जाणीव हे लक्षण २०१३ साली अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेतही निकषांमध्ये घेण्यात आलं.

गैरसमज : निवड करायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो. त्यात वेगळं काय?

वस्तुस्थिती : ‘आज भाजी काय करू?’ या प्रश्नाला कंटाळलेलं नाही असं घर आपल्याकडे सापडणार नाही, हे खरं. फरक आहे तो किती वेळा आणि किती तीव्रतेने याचा. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑटिस्टिक आणि बिगर-ऑटिस्टिक प्रौढांना रोजच्या निर्णयांचा अनुभव विचारला. निर्णय घेताना डोकं गोठून जाणं, थकवा, धास्ती हे ऑटिस्टिक प्रौढांनी कितीतरी अधिक वेळा नोंदवलं. सर्वांत अवघड ठरले ते तीन प्रकारचे निर्णय : घाईत घ्यायचे, ठरलेला क्रम मोडणारे आणि कुणाशी तरी बोलून घ्यायचे. वेटरच्या त्या ‘ताई, तुम्हाला?’मध्ये घाई आणि बोलणं दोन्ही आहेत. नेहमीचं हॉटेल बंद असलं, तर तिसरंही.

गैरसमज : यांची निर्णयक्षमताच कमी असते.

वस्तुस्थिती : लंडनमध्ये झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांपुढे एकच व्यवहार दोन तऱ्हांनी मांडला होता : ५० पाउंडांपैकी ‘२० तुमच्याकडे राहतील’ किंवा ‘३० जातील’. हिशेब तोच. तरी ‘जातील’ हा शब्द दिसला की बहुतेक जण ही ठरलेली रक्कम सोडून जुगाराच्या पर्यायाकडे झुकतात. ऑटिस्टिक सहभागींवर या शब्दांच्या खेळाचा परिणाम कमी झाला. २०१७ साली आणखी एका अभ्यासातही, मधे नको असलेला तिसरा पर्याय घातला तरी ऑटिस्टिक लोकांची निवड अधिक सुसंगत राहिली.

याचा अर्थ आम्ही जास्त शहाणे असा नव्हे. आमची रीत वेगळी आहे, एवढंच. मी साबण निवडते तेव्हा वास, वडीचा आकार, वजन, किंमत, कागदाचा स्पर्श, मागच्या वेळी हात कोरडे पडले होते ते, हे सगळं खरोखर तोलते. घर भाड्याने घेताना ही सवय सोन्यासारखी उपयोगी पडते. करारातलं एकही कलम सुटत नाही. साबणापुढे तीच सवय मला दमवते, कारण लहान गोष्ट लहान म्हणून सोडून देणं मला आपोआप जमत नाही.

गैरसमज : गप्प बसली म्हणजे हट्ट करते आहे.

वस्तुस्थिती : गप्प होणं हे बहुधा थिजणं असतं. मनात इच्छा असते, पण ती कृतीत उतरत नाही. मँचेस्टरच्या संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ३२ ऑटिस्टिक प्रौढांशी बोलून याच जडत्वाचा अभ्यास केला. साधी, करायची असलेली कामंही सुरू होत नाहीत आणि अनेकदा बाहेरून कुणीतरी हलकी चालना द्यावी लागते, असं त्यांतल्या अनेकांनी सांगितलं.

त्यात आणखी एक गुंता असतो. ऑटिस्टिक व्यक्तींपैकी सुमारे निम्म्यांना स्वतःच्या भावना ओळखायला आणि शब्दांत सांगायला अडचण येते, असं अभ्यास दाखवतात. अनेकांना भूक-तहानेची खूणही नीट उमगत नाही. मला भूक लागली आहे हेच कळलेलं नसेल, तर ‘काय खाणार?’ याचं उत्तर येणार कुठून? अशा वेळी ‘काहीही चालेल’ याचा अर्थ ‘हा प्रश्न मला आत्ता झेपत नाही’ एवढाच असतो. कुणी तेव्हा ‘पटकन सांग’ म्हटलं, तर थिजणं आणखी लांबतं.

गैरसमज : रोज तेच खाणं, तेच कपडे ही सवय मोडून काढायला हवी.

वस्तुस्थिती : तोचतोचपणाचा आग्रह निदानाच्या निकषांत आहे, म्हणून तो रोग ठरत नाही. माझ्याकडे एकाच कापडाचे, एकाच शिंप्याने शिवलेले पाच कुडते आहेत. स्वयंपाकघरात ओट्यावर वारांचा कागद चिकटवलेला आहे : सोमवारी मटकी, मंगळवारी दोडका, बुधवारी पिठलं. निवडी कराव्या न लागल्याने सकाळी वाचलेली शक्ती मी दुपारी कामात वापरते. खाणं इतकं आक्रसलं की वजन किंवा रक्त घटायला लागलं, तर मात्र डॉक्टरांकडे जायलाच हवं. झोप उडाली, धास्ती वाढली तरीही. ऑटिझमसोबत येणाऱ्या चिंतेवर आणि नैराश्यावर उपचार होतात, आणि त्याने निवडीचं ओझंही हलकं होतं.

गैरसमज : एवढा त्रास होतो, तर तिच्या वतीने आपणच ठरवावं.

वस्तुस्थिती : प्रेमापोटी होणारी हीच चूक सर्वांत खोल जखम करते. पर्याय कमी करणं आणि अधिकार काढून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडचा २०१६चा दिव्यांग हक्क कायदा ऑटिझमला मान्यता देतो आणि कायद्यापुढे दिव्यांग व्यक्ती इतरांच्या बरोबरीने सक्षम आहे, असं कलम १३मध्ये सांगतो. कलम १४मधलं मर्यादित पालकत्वसुद्धा परस्पर समजुतीने आणि विश्वासाने एकत्र निर्णय घेण्याची व्यवस्था म्हणून मांडलेलं आहे. आधार द्यायचा तो निर्णयाला; माणसाला बाजूला सारून नाही.

हे घरात कसं दिसतं? पूर्वी आई फोनवर म्हणायची, “येताना भाजी आण काहीतरी.” मी मंडईत फिरफिरून रिकाम्या पिशवीने परत यायचे. आता ती मेसेज करते, ‘मेथी की पालक? दोन्ही चांगल्या नसल्या तर कोबी.’ दोन पर्याय, एक पळवाट आणि ते लिहून. मी दहा मिनिटांत घरी असते.

माझेही नियम आहेत. लहान निवडीला घड्याळ लावून तीन मिनिटं. वेळ संपली आणि दोन्ही सारखीच वाटली, तर डावीकडची. मोठे निर्णय सकाळी, घर शांत असताना, कागदावर. संध्याकाळी पाचनंतर नवा प्रश्न आला, तर “उद्या सांगते”. आणि बोलणंच थांबलं, तर टेबलावर तळहात उपडा ठेवायचा. घरातल्यांना त्याचा अर्थ ठाऊक आहे. प्रत्येक ऑटिस्टिक माणसाला हेच लागू पडेल असं नाही. प्रत्येकाने आपापले नियम स्वतः घडवायचे आणि जवळच्यांनी ते पाळायचे.

त्या हॉटेलात आम्ही अजून जातो, फक्त साडेसातला, गर्दी व्हायच्या आधी, भिंतीकडच्या टेबलावर. दादा आता ‘काय खाणार?’ असं विचारत नाही. विचारतो, “नेहमीचं सांगू, की आज कार्ड बघायचंय?” बहुतेक रविवारी मी नेहमीचा साधा डोसा सांगते. गेल्या महिन्यात एकदा कार्ड मागितलं. सगळे गप्प बसून थांबले, कुणी काही सुचवलं नाही. मी शेवटपर्यंत वाचलं आणि नीर डोसा मागवला.