ठोकळ्यांतून गोलाई

माइनक्राफ्टमध्ये गोल बुरूज बांधायला घेतला की थोड्याच वेळात लक्षात येतं, या जगात गोल असं काहीच नाही. प्रत्येक ठोकळा एक मीटर लांबी-रुंदी-उंचीचा. सूर्यसुद्धा चौकोनी. तरीही लोक तिथे बुरूज, विहिरी, घुमट बांधतात आणि लांबून पाहिलं तर ते गोल दिसतात. मॅटीच्या कापडावर फुल्या-फुल्यांनी चेंडू भरणारी, लेगोच्या विटांनी किल्ला रचणारा, मोबाइलच्या पडद्यासाठी इवलंसं गोल चिन्ह काढणारी, या सगळ्यांची अडचण हीच असते: हाताशी तुकडे चौकोनी आणि हवा आहे गोल.

हिशेबासाठी आपण इथे एकच वर्तुळ घेऊ. मधल्या घरापासून कडेच्या घरापर्यंत १० पावलं, म्हणजे आरपार रुंदी २१ घरं. चौकटीची वही आणि पेन्सिल घेऊन बसलात तर लेख जास्त उपयोगी पडेल.

मध्य कुठे आहे?

बहुतेक वर्तुळं इथेच बिघडतात. रुंदी विषम असेल, २१ किंवा १५, तर मध्य एका घरात येतो. रुंदी सम असेल, २० किंवा २४, तर मध्य चार घरं जिथे भेटतात त्या कोपऱ्यावर येतो. दोन्ही वर्तुळं चांगली होतात, पण एकाचा आराखडा दुसऱ्याला चालत नाही. बुरुजाच्या मधोमध शिडी किंवा एकच कारंजं हवं असेल तर विषम रुंदी घ्या. दरवाजा दोन ठोकळ्यांचा असेल तर सम. हे आधी ठरवलं नाही तर शेवटची बाजू एका घराने हुकते आणि अर्धी भिंत पाडावी लागते.

सात, दोन, एक

आता वर्तुळ. वरच्या टोकाला मधोमध ७ घरं ओळीने भरा. एक घर खाली उतरा आणि उजवीकडे पुढची २ भरा. पुन्हा एक खाली, १. पुन्हा एक खाली, १. हे झालं ४५ अंशांचं टोक. इथून तोच क्रम उलटा आणि उभा: १, मग २, मग उजव्या बाजूची ७ घरांची उभी रांग. उरलेले तीन कोपरे याचीच प्रतिबिंबं. एकूण घरं भरली ५६.

वर्तुळाला आरशासारख्या अनेक घड्या पडतात, त्यामुळे आठवा भाग काढला की बाकीचे सात आपोआप मिळतात. म्हणून लक्षात ठेवायचे आकडे इतके थोडे. गोलाई दिसते ती टप्पे मधून कोपऱ्याकडे जाताना आखूड होत जातात म्हणून. मध्येच आखूड टप्प्यानंतर लांब टप्पा आला की तिथे टेंगूळ दिसतं. नवख्यांचा बुरूज अष्टकोनी दिसतो तो बहुधा उलट कारणाने: त्यांनी सगळे टप्पे सारखेच ठेवलेले असतात.

वर्गमूळ न काढता

सात आणि दोन हे आकडे आले कुठून? शाळेतला पायथागोरस इथे कामी येतो. मध्यापासून आडवं अंतर आणि उभं अंतर यांच्या वर्गांची बेरीज १०० व्हायला हवी. नेमकी १०० क्वचितच होते, म्हणून जवळात जवळची निवडायची. वरच्या टोकाला आडवं ०, उभं १०. एक घर उजवीकडे सरकलं की प्रश्न एवढाच: त्याच ओळीत राहायचं की एक घर खाली उतरायचं? आडवं ३ असताना ओळीत राहिलो तर ९ अधिक १००, म्हणजे १०९. उतरलो तर ९ अधिक ८१, म्हणजे ९०. एक ९ ने चुकतं, दुसरं १० ने. निसटत्या फरकाने ओळीत राहायचं. आडवं ४ झालं की ११६ विरुद्ध ९७. आता उतरायचं. सहाव्या घराला ३६ अधिक ६४, बरोबर १००. आपल्या आठव्या भागात पहिल्या घरानंतर तेवढं एकच घर अगदी वर्तुळावर बसतं.

संगणकही साधारण हेच करतो. आयबीएममधले जॅक ब्रेसनहॅम यांनी १९६२ मध्ये प्लॉटर या यंत्रासाठी तिरकी रेघ काढायची अशी रीत बसवली, जिच्यात फक्त पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी लागते. ती १९६५ मध्ये छापून आली. वर्तुळांसाठीची त्यांची रीत १९७७ ची. मजा अशी की त्यात गुणाकारही टाळता येतो. १, ४, ९, १६ या वर्गांमधली अंतरं ३, ५, ७ अशी विषम संख्यांची रांग आहे. म्हणजे पुढचा वर्ग हवा असेल तर मागच्यात पुढची विषम संख्या मिळवली की झालं.

ॲपलच्या मॅकिन्टॉशवर काम करणाऱ्या बिल ॲटकिन्सन यांनी १९८१ मध्ये लंबवर्तुळं झरझर काढली ती याच युक्तीने, कारण त्या संगणकाच्या ६८००० प्रोसेसरला अपूर्णांकांचं गणित थेट येत नव्हतं. स्टीव्ह जॉब्स यांनी ते पाहून लगेच गोल कोपऱ्यांचे चौकोनही मागितले. ॲटकिन्सन नाही म्हणाले, तेव्हा जॉब्स त्यांना बाहेर फिरायला घेऊन गेले आणि रस्त्याकडेच्या पाट्यांपर्यंत गोल कोपरे कुठे-कुठे आहेत ते दाखवत राहिले. आज हातातल्या फोनवरची कितीतरी बटणं त्याच आकाराची आहेत.

क्षेत्रफळ जुळतं, कड जुळत नाही

या विषयातली मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट ही, आणि ती फारशी कुणी सांगत नाही.

आपल्या वर्तुळाची आतली घरंही भरून टाका. ओळीओळीने मोजलं तर ३४९ घरं होतात. २१ घरं व्यासाच्या खऱ्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साधारण ३४६. एका टक्क्याहून कमी फरक. मोठं वर्तुळ घेतलं की हा फरक आणखी कमी होत जातो. फरशा किती लागतील, दोरा किती लागेल, याचा अंदाज शाळेतल्या सूत्राने बिनधास्त काढावा.

आता कडेने चाला. पायऱ्यापायऱ्यांनी, प्रत्येक ठोकळ्याची बाहेरची बाजू मोजत. खऱ्या वर्तुळाचा परीघ ६६ च्या आसपास आहे. तुमच्या मोजणीत ८४ येतील. हिशेब सोपा आहे: पायऱ्या कितीही असोत, वरून खाली येताना सगळ्या उभ्या बाजू मिळून २१ होतात आणि परत वर जाताना २१. आडव्या बाजूंचंही तेच. चार वेळा २१. ठोकळे अर्ध्या आकाराचे केले तरी चार वेळा व्यासच. शंभरपट बारीक केले, डोळ्याला पायऱ्या दिसेनाशा झाल्या, तरी पायऱ्यांची कड व्यासाच्या चौपटच राहणार, ३.१४ पट कधीच होणार नाही.

म्हणून ठोकळ्यांच्या वर्तुळाकडे क्षेत्रफळ विचारावं, परीघ विचारू नये. लेगोच्या गोल तळ्याला पायऱ्यांना चिकटवून काठाची पट्टी लावायची असेल, किंवा चौकोनी फरशांच्या गोल ओट्याला कडेची फीत, तर सूत्राने येतो त्याच्या सव्वापटीहून थोडा जास्तच माल लागतो.

कोपऱ्याला कोपरा

आपल्या ५६ घरांच्या कडीत काही घरं एकमेकांना फक्त कोपऱ्याने शिवतात. अशी २४ ठिकाणं आहेत. कशिद्यात याने काही बिघडत नाही, उलट रेघ नाजूक दिसते. पडद्यावरही चालतं. हातात धरायच्या वस्तूत मात्र कोपऱ्याला कोपरा म्हणजे जोडच नाही. लेगोची एकाच थराची अशी कडी उचलायला गेलात तर तुकडे हातात येतील. तिथे प्रत्येक तिरक्या जागी आतून एक ठोकळा घालावा लागतो, म्हणजे ५६ अधिक २४, एकूण ८०. शिवाय लेगोच्या विटा वर-खालीच जोडल्या जातात, म्हणून वरचा थर सांधे झाकेल असा रचायचा, गवंडी विटा रचतो तसा.

लेगोत आणखी एक खोच आहे. विटेवरच्या दोन गुंड्यांच्या केंद्रांमधलं अंतर ८ मिलिमीटर, पण विटेची उंची ९.६ मिलिमीटर. म्हणजे वहीतलं वर्तुळ विटांनी उभं रचलं तर ते सव्वापटीच्या जवळ ताणलं जातं आणि अंडं होतं. उपाय पातळ पट्ट्यांचा: एक पट्टी ३.२ मिलिमीटरची, त्यामुळे पाच पट्ट्यांची उंची बरोबर अशा दोन अंतरांइतकी, १६ मिलिमीटर. सुयांवरच्या विणकामात उलटं होतं. तिथे टाका सहसा उंचीपेक्षा रुंद असतो, म्हणून चौकोनी घरांच्या कागदावरचं गोल फूल स्वेटरवर चपटं उतरतं. मॅटीला ही तक्रार नाही. तिची घरं उभी-आडवी सारखीच.

घुमट

वहीतलं वर्तुळ एकदा काढलं की घुमटाचा नकाशा फुकट मिळतो. तेच वर्तुळ उभं आहे असं समजा आणि मधल्या ओळीपासून वर जात प्रत्येक ओळीची रुंदी वाचा: २१, २१, २१, २१, १९, १९, १७, १५, १३, ११, ७. हे झाले एकावर एक चढवायच्या थरांचे व्यास. प्रत्येक थर स्वतः एक वर्तुळ, त्याचे टप्पे वेगळे काढायचे.

पोकळ घुमट करताना माथ्याजवळ जपायला हवं. ११ च्या कडीवर ७ ची चकती ठेवली तर मध्ये एका घराची फट राहते आणि आतून आकाश दिसतं. वरच्या थरांच्या कड्या दोन ठोकळे जाड करा.

पडद्यावरची राखाडी

पडद्यावर पायऱ्या लपवायची वेगळीच सोय आहे. वर्तुळाची कड ज्या पिक्सेलमधून जाते, त्याचा किती भाग वर्तुळात आहे हे पाहून त्याला तेवढाच गडद रंग द्यायचा. अर्धा आत तर निम्मा राखाडी. डोळा ती राखाडी कड गुळगुळीत समजतो. जवळजवळ सगळं डिझाइन सॉफ्टवेअर हे न सांगता करतं.

याचा त्रासही आहे. एक पिक्सेल जाडीची रेघ दोन पिक्सेलांच्या बरोबर सीमेवर काढली तर ती दोघांत अर्धी-अर्धी वाटली जाते आणि एक काळी रेघ दिसण्याऐवजी दोन पिक्सेलांची पुसट पट्टी दिसते. छोटी चिन्हं धूसर येतात ती बऱ्याचदा यामुळे. रेघ अर्धा पिक्सेल सरकवली की ती स्वच्छ होते. जुन्या खेळांसारखी पिक्सेल-चित्रं काढणारे ही राखाडी कड बंदच ठेवतात आणि टप्पे हाताने नीट करतात. मला तीच वर्तुळं जास्त आवडतात.

इलस्ट्रेटरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ठोकळे नसतातच, असं वाटतं. तिथलं वर्तुळ चार बिंदू आणि त्यांच्या दांड्यांवर ताणलेल्या वक्रांचं असतं. हे वक्र मोटारींच्या कारखान्यांतून आले: रेनोमधले पिएर बेझिए यांच्या नावाने ते ओळखले जातात आणि सित्रोएनमधले पॉल द कास्तेल्जो यांनी ते स्वतंत्रपणे शोधले होते. या वक्रांना खरं वर्तुळ काढता येत नाही. दांडीची लांबी त्रिज्येच्या ०.५५२३ पट ठेवली तर चूक त्रिज्येच्या सुमारे ०.०२७ टक्के राहते. एक मीटर त्रिज्येच्या फ्लेक्सवर पाव मिलिमीटरच्या आसपास. फ्लेक्स छापणाऱ्याला त्याची फिकीर नको. पण एखादा बिंदू हाताने हलला की गोलाई मोडते, आणि ती डोळ्याने परत जमवण्यापेक्षा नवं वर्तुळ काढणं बरं.

क्रोशाचा सहा

क्रोशात तुकडे ओळीत न बसता मध्याभोवती फिरतात, त्यामुळे कड खोटं बोलत नाही. सुरुवातीला ६ मुके खांब, पुढच्या फेरीत १२, मग १८, २४, ३०. दर फेरीला सहाच का वाढवायचे? फेरी एका टाक्याच्या उंचीने बाहेर सरकली की परीघ त्या उंचीच्या ६.२८ पट वाढतो. मुका खांब जवळपास जितका रुंद तितकाच उंच, म्हणून सहा टाके पुरतात. उंच खांबाची उंची रुंदीच्या साधारण दुप्पट, म्हणून तिथे बारा.

सहापेक्षा कमी वाढवले की रुमाल वर उचलला जाऊन टोपी होते. जास्त वाढवले की कडेला झालर सुटते. कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ दाइना ताइमिन्या यांनी १९९७ मध्ये ही झालर मुद्दाम वाढवत नेली आणि हायपरबोलिक भूमितीची, हातात धरता येतील अशी प्रतलं विणली.

वाढवलेले टाके दर फेरीला एकावर एक आले तर रुमाल गोल न होता षट्कोनी होतो. म्हणून ते दर फेरीला थोडे सरकवायचे.

ठिपके सरकवले तर

ठिपक्यांच्या रांगोळीत हाच षट्कोन मुद्दाम धरतात. '१५ ते ८' म्हणजे मधली ओळ १५ ठिपक्यांची, मग वर आणि खाली १४, १३ असं उतरत ८ पर्यंत, प्रत्येक ओळीचे ठिपके मागच्या ओळीच्या फटींसमोर. एकूण १६९. उदबत्तीने भोकं पाडलेला कागद अशा मांडणीचा असेल तर मधल्या कुठल्याही ठिपक्याला सारख्या अंतरावर सहा शेजारी मिळतात. उभ्या-आडव्या मांडणीत चारच मिळतात, तिरके चार लांब पडतात. म्हणून कमळ, चक्र, सूर्य काढायचा असेल तर सरकवलेले ठिपके घ्यावेत आणि स्वस्तिक किंवा तुळशीवृंदावन असेल तर सरळ.