तिसऱ्या चढाईतला पोरगा

भाताची काढणी उरकली, खाचरं कोरडी पडली की भोर आणि वेल्ह्यात ठिकठिकाणी फक्कीच्या पांढऱ्या रेषा दिसायला लागतात. कुठे शाळेच्या आवारात, कुठे देवळामागच्या सपाटीवर, तर कुठे नुकत्याच मोकळ्या झालेल्या वावरात. मोठ्यांचं मैदान 13 मीटर लांब, 10 मीटर रुंद. मधोमध मध्यरेषा, पलीकडे पावणेचार मीटरवर निदान रेषा आणि तिच्याही पुढे मीटरभर अंतरावर बोनस रेषा. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे, पण मार्गासनीच्या फाट्यावर एसटीची वाट बघणारा माणूस अजून वेल्ह्यालाच निघालेला असतो. तसंच या खेळाचं. कागदावर कबड्डी, म्हाताऱ्यांच्या तोंडी हुतुतू.

सामना रंगला की गर्दीचं लक्ष गुणफलकावर असतं. गर्दीच्या कडेला मात्र एखादे क्रीडाशिक्षक किंवा संघाचे जुने खेळाडू वही घेऊन बसलेले असतात. त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. आज सतरा वर्षांच्या गटात धुमाकूळ घालणाऱ्या या पोरांपैकी बाविसाव्या वर्षी खराखुरा चढाईपटू कोण असेल?

या प्रश्नाची किंमत गेल्या काही वर्षांत फार वाढली आहे. 2014 मध्ये प्रो कबड्डीचा पहिला लिलाव झाला तेव्हा सर्वांत महाग ठरलेल्या राकेश कुमारवर पाटण्याच्या संघाने 12 लाख 80 हजार रुपये लावले होते. 2023 च्या लिलावात पवन सेहरावतसाठी तेलुगू टायटन्सने 2 कोटी 60 लाख 50 हजार मोजले. तयार चढाईपटू असा महाग झाला की संघांना कच्चा माल शोधायला खाली, म्हणजे गावाकडे आणि शाळांकडे, उतरावंच लागतं. म्हणून तर लीगमध्ये नव्या तरुण खेळाडूंना लिलावाबाहेर करारबद्ध करण्याची वेगळी वाट आहे, आणि 2022 पासून तरुणांसाठी युवा कबड्डी मालिकाही सुरू झाली आहे.

कच्चा माल पारखणं सगळीकडेच अवघड. ऑस्ट्रेलियातल्या त्यांच्या खास फुटबॉलमध्ये 1986 पासून दरवर्षी तरुण खेळाडूंची निवड होते. तळाच्या संघाला पहिला हक्क आणि मग एकेकाची पाळी. तिथे सर्वांत जोखमीची निवड कोणाची, तर गोलासमोर खेळणाऱ्या उंच आक्रमकाची. 2004 मध्ये रिचमंड संघाकडे पहिली आणि चौथी अशा दोन निवडी होत्या. दोन्ही वेळा त्यांनी लान्स फ्रँकलिन नावाच्या पोराला वगळलं. पाचव्या क्रमांकावर हॉथॉर्नने त्याला उचललं आणि 2022 मध्ये त्याच फ्रँकलिनने कारकिर्दीतला हजारावा गोल केला. उलट 2008 मध्ये सर्वांत आधी निवडलेला जॅक वॉट्स 2009 च्या जूनमध्ये पहिल्याच सामन्यात कॉलिंगवुडच्या धिप्पाड बचावपटूंच्या तावडीत सापडला. त्याचं अंग अजून भरलेलं नव्हतं, पण अपेक्षांचं ओझं आधीच खांद्यावर पडलं होतं. उंच पोरगा पिकायला वेळ लागतो, हे ठाऊक असूनही तिथे दरवर्षी घाई होते.

आपल्याकडचा तसा खेळाडू म्हणजे मुख्य चढाईपटू. गुण त्याने आणायचे, टाळ्या त्याला आणि हरलं की शिव्याही त्यालाच.

मग वहीत काय लिहायचं? बहुतेक ठिकाणी फक्त गुण लिहितात, आणि पहिली चूक तिथेच होते. समजा, कापूरहोळच्या बाजूचा एक पोरगा 20 चढायांत 10 गुण आणतो आणि सात वेळा पकडला जातो. पासलीकडचा दुसरा तितक्याच चढायांत सात गुण आणतो, पण दोनदाच सापडतो. जत्रेत फेटा पहिल्याला बांधला जाईल. हिशेब मात्र वेगळा आहे. प्रत्येक पकडीचा एक गुण समोरच्या संघाला जातो, म्हणजे पहिल्याची निव्वळ कमाई तीन आणि दुसऱ्याची पाच. शिवाय पहिला सात वेळा बाहेर जाऊन बसला, आणि तो जिवंत होईपर्यंत त्याच्या संघाने लंगडी चढाई केली ती वेगळीच. एक चढाई 30 सेकंदांची. 40 मिनिटांच्या सामन्यात प्रत्येक चढाईला पूर्ण वेळ घेतला तर दोन्ही संघांच्या मिळून 80 चढाया होतात. मुख्य चढाईपटू बाकावर बसला की त्यातल्या किती चढाया वाया गेल्या, हे मोजणारी वही क्वचितच दिसते.

दुसरी नोंद तिसऱ्या चढाईची. लीगमुळे हा नियम आता घरोघरी माहीत झाला आहे. संघाच्या सलग दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. बचाव करणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं. ते पुढे येत नाहीत, साखळी बांधून मागे थांबतात आणि पोराला आत येऊ देतात. अशा वेळी पोराच्या तोंडाकडे नाही, पायाकडे बघावं. कच्चा पोरगा पंधरा सेकंद मध्यरेषेजवळ नाचतो आणि घड्याळ संपत आलं की डोळे मिटल्यासारखा कोपऱ्यावर झेपावतो. पक्का होऊ पाहणारा पहिल्या दहा सेकंदांतच निदान रेषा ओलांडतो. उजवा कोपरा किती सरकतो हे एक खोटी हूल देऊन तपासतो, समोर सहा किंवा सात गडी असतील तर बोनसची भीती दाखवतो आणि कोपऱ्याचा तोल पुढच्या पायावर गेला की मगच हात टाकतो. तरीही तो पकडला जाऊ शकतो. पण कच्चा पोरगा नशिबावर गेला, आणि हा वाचून गेला. सतराव्या वर्षी हे वाचन दिसलं तर गुण कमी असले तरी चालतात. हे वाचन पुढे शिकवता येतं असं सांगणारे प्रशिक्षक आहेत. प्रस्तुत लेखकाला ते फारसं पटत नाही.

अंगकाठीबद्दल मात्र आग्रह धरू नये. सिद्धार्थ देसाई कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा, हुंदळेवाडीचा. उंचापुरा गडी. दोघातिघांना अंगावर घेऊन मध्यरेषेकडे ओढत नेण्याची त्याची ताकद होती. 2018 मध्ये यू मुंबाने त्याला 36 लाख 40 हजारांना घेतलं, त्याने पहिल्याच हंगामात 218 चढाई गुण कमावले आणि पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यावर 1 कोटी 45 लाख लावले. त्याच 2018 मध्ये हरियाणाचा नवीन कुमार दिल्लीकडून उतरला तेव्हा तो जेमतेम अठराचा होता, अंगाने किडकिडीत. ओढाताणीच्या वाटेला न जाता धावता हात लावून निसटायचं, हा त्याचा खेळ. पुढच्याच वर्षी त्याने हंगामात तीनशेवर गुण केले. सिद्धार्थने पंचविशी ओलांडल्यावर लीग पाहिली, ही गोष्ट लोक विसरतात. बाविसाव्या वर्षापर्यंत नाव झालं नाही म्हणून ज्यांच्या नावावर काट मारली, त्यातले किती जण असेच राहून गेले असतील?

कुमार गटातली सर्वांत मोठी फसगत वयाची आणि वजनाची असते. मिसरूड लवकर फुटलेला पोरगा सोळाव्या वर्षीच पुरुषासारखा दिसतो, समवयस्कांना झटकून परत येतो आणि लोक म्हणतात, वाघ आहे. दोन वर्षांनी बाकीचे त्याच्याएवढे झाले की त्याच्याकडे ताकदीशिवाय दुसरं काही नव्हतं, हे उघडं पडतं. अंगाने बारीक राहिलेल्याला मात्र तोवर चवड्यावर वळणं, वाकून सुटणं, घोटा सोडवणं असं सगळं शिकावंच लागलेलं असतं. पारख करणाऱ्याने म्हणूनच पोराच्या बापाची आणि मोठ्या भावाची उंची बघावी, आणि जन्मतारखेचा दाखलाही डोळ्यांखालून घालावा. वजनकाट्याचा प्रकार त्याहून वाईट. गटाच्या मर्यादेत बसण्यासाठी आदल्या दिवसापासून पाणी तोडायचं, जाड कपडे घालून पळायचं आणि काट्यावरून उतरल्या उतरल्या वडापाववर तुटून पडायचं, हे राज्यभर चालतं. अशा पोराचा दुपारचा खेळ बघून त्याच्याबद्दल मत बनवण्यात अर्थ नाही. पुरुष गटाची मर्यादा 85 किलोची आहे. सतरा वर्षांच्या वाढत्या पोराने दोन किलोसाठी स्वतःला वाळवावं असं त्यात काही नाही.

भोर-वेल्ह्याच्या पोरांचं एक भांडवल आहे, ते म्हणजे पाय. तोरण्याच्या आणि राजगडाच्या कुशीतल्या वाड्यांमधून चढउतार करत शाळा गाठणाऱ्यांच्या मांड्यांना आणि पोटऱ्यांना व्यायामशाळा लागत नाही. पण मातीवरची सवय मॅटवर अंगाशी येते. मातीत पाय थोडा घसरतो आणि त्या घसरण्याचाच वळताना फायदा होतो. मॅटवर बूट घट्ट रोवला जातो; पाय थांबतो, पण गुडघा वळतच राहतो. पहिल्यांदा मॅटवर उतरलेला मातीतला हुशार चढाईपटू म्हणूनच अर्धा मीटर लवकर थांबतो, हात तोकडा पडतो आणि निवड चाचणीत पोरगा ‘हळू’ ठरतो. आठ-दहा दिवस मॅटवर खेळवल्याशिवाय असा शिक्का मारणं अन्याय आहे. शालेय स्पर्धा तर बहुधा पावसाळ्यातच येतात. वेल्ह्याच्या पावसात चिखलावर झालेल्या चढाईवरून बालेवाडीच्या मॅटचा अंदाज बांधणं म्हणजे बैलगाडीवरून मोटारीचा अंदाज बांधण्यासारखंच.

पारखीचं फळ कसं दिसतं हे बघायला फार लांब जायला नको. पुणेरी पलटणने काही वर्षांपूर्वी महागड्या नावांमागे धावण्यापेक्षा कोवळी पोरं सांभाळायचं ठरवलं. अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, नाशिकचा आकाश शिंदे, हरियाणाचा मोहित गोयत आणि पंकज मोहिते असे चढाईपटू त्यातून पुढे आले. डिसेंबर 2022 मध्ये संघ अंतिम सामन्यात पोहोचला तेव्हा अस्लम आणि मोहित दोघेही दुखापतीमुळे बाहेर होते. जयपूरने 33-29 असं हरवलं. ऑक्टोबर 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात अस्लम आणि आकाश दोघेही होते. 1 मार्च 2024 ला हैदराबादेत अस्लमच्या नेतृत्वाखाली पलटणने हरियाणाला 28-25 असं नमवून पहिलं विजेतेपद घेतलं. सगळंच घरच्या तूप-रोटीवर झालं असं मात्र नाही. इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला त्या हंगामासाठी 2 कोटी 35 लाख रुपये देऊन आणलं होतं. तरीही संघाचा कणा संयमाने वाढवलेल्या पोरांचा होता. पुढच्याच हंगामात अस्लमच्या गुडघ्याने दगा दिला. तरुण चढाईपटूवर पैसे लावणाऱ्याने गुडघा आणि खांदा धरूनच हिशेब मांडायचा असतो.

आता भोर-वेल्ह्यातल्या घराघरात चालणारा हिशेब. इथला बाप पोराला कबड्डी खेळू देतो तो लिलावासाठी नाही. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पोलीस भरतीत पळायची ताकद उपयोगी पडते; झालंच तर एखाद्या कंपनीच्या संघात चिकटता येतं. हा हिशेब चूक नाही, उलट शहाणपणाचाच आहे. लीगमध्ये जागा मोजक्या आणि उमेदवार देशभरातले. पोरात खरोखर तिसऱ्या चढाईचं डोकं दिसत असेल तर त्याला दोन वर्षं जास्त द्यावीत, एवढंच. नाही दिसलं तर भरतीचं मैदान कुठे पळून जात नाही.

येत्या जत्रेत कोणाच्या हातात वही असेल, तर गुणांच्या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने आखावेत. पोरगा किती वेळा पकडला गेला, तिसऱ्या चढाईत काय केलं, आणि पकडल्यानंतरची पुढची चढाई कशी केली. पोराचं नाव, जन्मतारीख, उंची लिहावी, आणि ती वही तो एकवीस वर्षांचा होईपर्यंत फेकू नये.